बाटलीवरचे साल

मराठी घरात दारूविषयी बोलण्याच्या दोनच रीती आहेत. पहिली ‘एकच प्याला’ची. सुधाकराने पेला ओठाला लावला की सिंधूच्या कपाळी पुढे काय लिहिले आहे, हे पडदा वर जाण्याआधीच प्रेक्षकाला ठाऊक असते. गडकऱ्यांचे हे नाटक १९१९ साली रंगभूमीवर आले. त्याने घातलेली धास्ती अजून ओसरलेली नाही आणि ती पुरती ओसरू नये, असे माझेही मत आहे. दुसरी रीत कुजबुजीची. परदेशातून आलेल्या जावयाच्या बॅगेत टॉवेलात गुंडाळलेली बाटली असते, सासरे ती कपाटात कपड्यांच्या मागे ठेवतात आणि सासूबाई काही पाहिलेच नाही असे दाखवतात. या दोन रीतींच्या मध्ये बाटली ही एक वस्तू आहे, तिला कारखाना आहे, दुकान आहे, वहीखाते आहे आणि म्हणून इतिहासही आहे, असे मानून तिच्याकडे पाहण्याची सवय आपल्याला नाही. आज तसे पाहावे म्हणतो. हे पान घरातली सगळी मंडळी वाचतात याची मला जाणीव आहे. प्या असे सांगण्यासाठी हा लेख नाही, पिऊ नका असे सांगणारे माझ्याहून अधिकारी लोक पुष्कळ झाले.

निमित्त घडले ते आमच्या मानखुर्दच्या सोसायटीतल्या एका तरुणामुळे. कचेरीतून त्याला दिवाळीची भेट म्हणून ‘ब्लॅक डॉग’ या स्कॉच व्हिस्कीची बाटली मिळाली. मुलगा सरळ. बाटलीपेक्षा तिच्या गोष्टीतच त्याला रस. ‘काका, तुम्ही जुनी मुंबई, जुनी दप्तरे यांत रमता. या व्हिस्कीचा आपल्या मुंबईशी काही संबंध आहे म्हणतात. खरे आहे का हो?’ त्याने विचारले. संबंध आहे हे मला ठाऊक होते, पण कंपनी सांगते तो नव्हे.

कंपनीची गोष्ट थोडक्यात अशी. वॉल्टर मिलार्ड नावाचा एक रसिक स्कॉट हिंदुस्थानात होता. मनाजोगत्या व्हिस्कीच्या शोधात तो मायदेशी गेला, डोंगरदऱ्या पालथ्या घातल्या आणि अखेर लीथ बंदरातल्या मॅकिन्ले घराण्याच्या जेम्स मॅकिन्लेने केलेले मिश्रण त्याला पसंत पडले. साल १८८३. मिलार्डला गळाने मासे धरण्याचा नाद. स्कॉटलंडच्या नद्यांत सामन मासा धरायला पिसांची बनावट माशी गळाला बांधतात. त्याच्या आवडत्या माशीचे नाव ‘ब्लॅक डॉग’, तेच त्याने व्हिस्कीला दिले. म्हणजे नावातला काळा कुत्रा हा कुत्रा नव्हेच. भैरवाच्या पायाशी बसणारा काळा कुत्रा ज्यांच्या डोळ्यांपुढे आला असेल, त्यांची थोडी निराशा होईल.

गोष्ट छान आहे. पण माझी हयात बँकेत गेली. कर्जाचा कागद हाती आला की आधी तारीख पाहायची आणि मग सही करणाऱ्याचे वय, ही सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. वॉल्टर सॅम्युअल मिलार्ड यांचा जन्म १८६४ सालचा. म्हणजे १८८३ साली ते एकोणीस वर्षांचे होते. जन्म स्कॉटलंडमध्ये नव्हे, इंग्लंडमधल्या हंटिंग्डन गावी, एका धर्मोपदेशकाच्या घरी, नववे अपत्य म्हणून. आणि ते मुंबईत उतरले १८८४ साली, हर्बर्ट मस्ग्रेव्ह फिप्सन यांच्या मद्याच्या पेढीत मदतनीस म्हणून. मुंबईला यायला अजून एक वर्ष होते तेव्हाच हा मुलगा ‘हिंदुस्थानातला अनुभवी रसिक’ झाला होता, असे मानायला माझ्यातला जुना अधिकारी तयार नाही. मदतनिसाच्या जागेवर रुजू होण्याआधीच त्याच्या नावावर एवढे मोठे खाते कोणी उघडले असते?

पण माझी खरी तक्रार तारखेची नाही. अशा लहानसहान गफलती सगळ्याच घराण्यांच्या कुळकथांत असतात. तक्रार ही, की या गोष्टीत मिलार्ड उरले ते केवळ व्हिस्की शोधणारा एक हौशी साहेब म्हणून. ज्या दुकानात ते नोकरीला लागले ते दुकान आणि स्वतः मिलार्ड यांनी मुंबईला जे दिले, ते या बाटलीत मावणारे नाही.

फिप्सन १८७८ साली मुंबईत आले. धंदा मद्याचा आणि छंद साप-विंचवांपासून पशुपक्ष्यांपर्यंत सगळ्यांचा. १५ सप्टेंबर १८८३ रोजी भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात, आठ माणसे जमली आणि त्यांनी ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’ स्थापन केली. आठांतले दोघे आपले होते. एक, प्रार्थना समाजाच्या संस्थापकांतले डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर आणि दुसरे, वनस्पतींचे जाणकार डॉ. सखाराम अर्जुन. संस्थेला जागा नव्हती. जानेवारी १८८४मध्ये फिप्सन यांनी आपल्या दुकानातली एक खोली बैठकांना दिली, १८, फोर्ब्स स्ट्रीट. आज त्या रस्त्याला व्ही. बी. गांधी मार्ग म्हणतात. १८८६ साली संस्था आणि दुकान दोन्ही ६, ॲपोलो स्ट्रीट इथे गेले, तो आताचा मुंबई समाचार मार्ग. त्याच वर्षी संस्थेचे नियतकालिक निघाले आणि त्याच्या संपादकांत फिप्सन होते. या देशातल्या प्राण्या-पक्ष्यांच्या अभ्यासाची सर्वांत जुनी आणि मोठी संस्था एका दारूच्या दुकानाच्या आश्रयाने वाढली, हे सत्य आहे. ते सांगताना कोणी संकोच करू नये. नवे नवे शास्त्र राजाश्रयाने वाढते तसे कधीकधी वाण्याच्या ओट्यावरही वाढते.

त्या जागेत एक धनेश होता. कारवारकडून १८९४ साली आलेले तीन महिन्यांचे पिल्लू. नाव विल्यम. फिप्सन यांच्या खुर्चीमागे त्याचा मुक्काम. सव्वीस वर्षे तो तिथे राहिला. फळे खायची, मिळाला तर उंदीर किंवा विंचू गिळायचा आणि फेकलेला टेनिसचा चेंडू त्या अवाढव्य चोचीत अचूक झेलायचा. एकदा त्याने पेटती सिगारही गिळली आणि त्याला काही झाले नाही. १९२० साली तो गेला, तो तारेचा तुकडा गिळल्याने असे सांगतात. आज सोसायटीच्या बोधचिन्हावर जो धनेश दिसतो तो हाच. पुढे संस्थेच्या इमारतीलाही त्याच्या जातीचेच नाव मिळाले, ‘हॉर्नबिल हाऊस’.

आणखी एक धागा आहे आणि मला तो सर्वांत मोलाचा वाटतो. एडिनबरो विद्यापीठाच्या वैद्यकीच्या वर्गाचे दार ज्या सात स्त्रियांनी प्रथम ठोठावले, त्यांतल्या एक एडिथ पीची. रसायनशास्त्रात उत्तम गुण मिळवूनही केवळ बाई म्हणून त्यांना मानाची शिष्यवृत्ती नाकारली गेली होती. १८८३च्या अखेरीस त्या मुंबईला आल्या आणि पुढे कामा हॉस्पिटलच्या प्रमुख डॉक्टर झाल्या. १८८९ साली त्यांनी मद्याचे व्यापारी फिप्सन यांच्याशी लग्न केले. याच काळात मुंबईत रखमाबाईंचा खटला गाजत होता. लहानपणी लावून दिलेल्या लग्नातल्या नवऱ्याकडे नांदायला जाणार नाही, असे ठाम सांगणारी ही सुतारांची लेक, त्या डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी वाढलेली, त्यांची सावत्र मुलगी. वर ज्या आठ संस्थापकांचा उल्लेख आला त्यांतलेच हे डॉक्टर. खटला १८८४ ते १८८८ चालला, डॉक्टर स्वतः मध्येच, १८८५ साली, वारले. नांदायला जा नाहीतर तुरुंगात जा, इथपर्यंत गोष्ट आली. तडजोडीने प्रकरण मिटल्यावर रखमाबाई १८८९ साली वैद्यक शिकायला लंडनला गेल्या. त्यांच्यामागे उभ्या राहिलेल्यांत एडिथ पीची होत्या. रखमाबाई डॉक्टर होऊन परतल्या आणि सुरत, राजकोटला त्यांनी हजारो बाळंतिणींची सेवा केली. पुढे फिप्सन दांपत्याने नाशिकजवळ बायकामुलांसाठी आरोग्यधाम उभारले. एका पेढीच्या हिशेबात इतके सगळे जमा आहे.

आणि मिलार्ड? ते १८९३पासून सोसायटीच्या कामात पडले. १९०६ ते १९२० मानद सचिव होते. १९११पासून देशभरच्या सस्तन प्राण्यांची पाहणी सुरू झाली, तिच्यामागचा हात त्यांचा. दुकान सांभाळून हे सगळे. मलबार हिलवरच्या घरी परदेशी फुलझाडे आणून लावण्याची त्यांना हौस होती. सेंट झेवियर्सचे फादर ब्लॅटर यांच्यासह त्यांनी लिहिलेले भारतीय वृक्षांवरचे देखणे पुस्तक १९३७ साली निघाले.

१९०८ साली खेतवाडीकडचा एक बारा वर्षांचा पोरका मुलगा मेलेली चिमणी घेऊन त्यांच्या दारात उभा राहिला. छऱ्याच्या बंदुकीने त्याने ती पाडली होती. गळ्यावर पिवळा डाग दिसला, म्हणून ती खावी की न खावी, असा प्रश्न पडला. मामा अमीरुद्दीन तय्यबजी सोसायटीचे सभासद, त्यांनी भाच्याला चिठ्ठी देऊन पाठवले. साहेबाच्या कचेरीत शिरायला मुलगा घाबरत होता. मिलार्ड यांनी चिमणी ओळखलीच, शिवाय मुलाला कपाटेच्या कपाटे उघडून पेंढा भरलेले पक्षी दाखवले, पुस्तके वाचायला दिली आणि पक्षी टिकवायचे कसे हे शिकण्याची सोय लावून दिली. मुलाचे नाव सालिम अली. त्यांनी १९८५ साली आपल्या आत्मचरित्राला नाव दिले ते त्या पडलेल्या चिमणीचेच.

वाचकहो, आता सांगा, यातली गोष्ट मोठी कोणती? गळाची माशी की ही चिमणी?

गंमत म्हणजे सामनच्या गळाची ती माशीसुद्धा पक्ष्यांच्या पिसांचीच बांधतात. मिलार्ड यांची नजर त्या पिसावर आधी गेली असती, असे मला उगाच वाटते.

असो. आता बाटलीत काय असते ते पाहू, कारण तेही त्या १८८३ सालाशी जोडलेले आहे. स्कॉटलंडची जुनी व्हिस्की जवाच्या माल्टची. जव भिजवून, कोंब फुटल्यावर भट्टीत वाळवायचे, मग आंबवून तांब्याच्या भांड्यात गाळायचे. चव दणकट, धुराची, आणि दर वेळी थोडी निराळी. लंडनच्या किंवा मुंबईच्या साहेबाला ती मानवत नसे, त्याची ओढ ब्रँडीकडे. १८३० साली इनिआस कॉफी याने सलग चालणाऱ्या उंच गाळणीचे पेटंट घेतले. तिच्यातून गहू-मक्यासारख्या धान्याची सौम्य, स्वस्त व्हिस्की अखंड निघू लागली. एडिनबरोच्या अँड्र्यू अशर याने १८५३च्या सुमारास मिश्रणाचा धंदा रूढ केला आणि १८६०च्या कायद्याने कर भरण्यापूर्वी, सरकारी कुलपातल्या गोदामात, माल्ट आणि धान्य व्हिस्की एकत्र करायला परवानगी मिळाली. तिथून ‘ब्लेंडेड’ स्कॉचचा जन्म. आमच्या बँकेतल्या लोकांना हे कुलूप लगेच कळेल. साखर कारखान्याच्या गोदामाला बँकेचे कुलूप लागते ना, तशातलीच गोष्ट. माल मालकाचा, किल्ली दुसऱ्याची, आणि पैसे वळते झाल्याशिवाय पोते हलायचे नाही.

त्यात एका किड्याने हात दिला. १८६०नंतर फ्रान्समधल्या द्राक्षमळ्यांना फायलोक्सेरा नावाची मुळे खाणारी कीड लागली आणि पुढच्या दोन-तीन दशकांत मळेच्या मळे बसले. ब्रँडी महागली, दुर्मिळ झाली. इकडे १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाल्याने बोटी मुंबईला लवकर पोचू लागल्या. म्हणजे १८८०च्या दशकात मुंबईच्या मद्यविक्रेत्याला ब्रँडीच्या जागी काहीतरी हवे होते, मऊ, सोड्यात टिकणारे, दर खेपेला एकाच चवीचे. त्याने लीथच्या व्यापाऱ्याकडे जाऊन आपल्या नावाचे मिश्रण करून घेतले यात साहस नव्हते, शहाणा धंदा होता. मळे नासले म्हणून स्कॉच इथे आली, हे सत्य कथेतल्या साहसापेक्षा मला जास्त आवडते. हे साल मिलार्ड यांना नाही, पण त्या काळाला शोभते.

मिश्रण करणाऱ्याचे कसब वेगळेच. पंधरा-वीस, कधी त्याहून अधिक पिंपांतला माल नाकाने पारखायचा आणि यंदाची बाटली गेल्या वर्षीच्या बाटलीसारखी लागेल असे जमवायचे. नवे काही करायचे नाही, हीच त्याची कला. मराठी वाचकाला हे गायकाच्या साथीदारासारखे वाटेल, तो चुकला तरच लक्षात येतो. बाटलीवर ‘१२ वर्षे’ लिहिले म्हणजे सगळा माल बारा वर्षांचा असतो असे नव्हे. आतला सर्वांत कोवळा थेंब निदान बारा वर्षे लाकडी पिंपात राहिलेला आहे, एवढाच त्याचा अर्थ. पूर्वी बचत खात्यावरचे व्याज महिन्याच्या दहा तारखेपासून अखेरपर्यंतच्या सर्वांत कमी शिल्लकेवर मिळे. १ एप्रिल २०१०पासून ते रोजच्या शिल्लकेवर मोजू लागले. स्कॉचवाल्यांनी मात्र जुनीच रीत ठेवली आहे, वय मोजायचे ते सर्वांत कमी शिल्लकेवर. स्कॉच म्हणवून घ्यायला तीन वर्षे तरी स्कॉटलंडमध्ये ओकच्या पिंपात जावी लागतात आणि दर वर्षी सुमारे दोन टक्के माल हवेत उडून जातो. त्याला तिकडे ‘देवदूतांचा वाटा’ म्हणतात. आपल्या उन्हात देवदूत फार तहानलेले. गोव्यात किंवा बंगळुरात हा वाटा कितीतरी पट होतो, म्हणून इथली माल्ट व्हिस्की थोड्या वर्षांतच पिकते. आणि बाटलीत भरल्यावर वय थांबते. सासऱ्यांच्या कपाटात पंधरा वर्षे पडलेली बाटली पंधरा वर्षांनी मोठी होत नाही, तिच्यावर धूळ तेवढी चढते.

‘ब्लॅक डॉग’चा स्वभाव विचाराल तर गोडसर, मऊ, धूर जवळजवळ नाही, कोणाशी भांडण नाही. घरातल्या सगळ्यांशी जमवून घेणाऱ्या मधल्या भावासारखी. मला विचाराल तर जरा जास्तच जमवून घेणारी.

हे झाले साहेबाच्या पेल्याचे. त्याच काळात साष्टीतल्या, म्हणजे आमच्या मानखुर्दच्या कोळ्या-आगऱ्यांच्या पेल्याचे काय चालले होते? मानखुर्द तेव्हा ठाणे जिल्ह्यात. पेला ताडीचा किंवा मोहाचा. खाडीपलीकडे उरणला मोहाच्या दारूच्या भट्ट्या होत्या, मालक बहुतेक पारशी. १८७८च्या अबकारी कायद्याने सरकारने ताडीच्या झाडापासून गाळण्याच्या हक्कापर्यंत सगळ्यावर पकड बसवली आणि १८९२ साली तर ठाणे-कुलाब्यात मोहाची फुले बाळगण्यावरच बंधन आणले. महसूल हवा होता, मग दुकानेही वाढायला हवी होती. १८८० साली पुण्याच्या नगरपालिकेचे सभासद असलेल्या जोतीराव फुल्यांनी दारूच्या वाढत्या दुकानांविरुद्ध आवाज उठवला तो यासाठी. पुढे टिळकांच्या अनुयायांनी दारूच्या गुत्त्यांवर निरोधन केले. साहेबाच्या दुकानात मात्र धनेश चेंडू झेलत होता. दोन्ही चित्रे एकाच दशकांतली आहेत, एकासाठी दुसरे पुसायचे कारण नाही.

स्वातंत्र्यानंतर पेला सगळ्यांचाच हिरावला गेला. १९४९चा मुंबई दारूबंदी कायदा मोरारजीभाईंच्या आग्रहाचा. पुढे बंदी सैल झाली तरी कायदा मात्र अजून उभा आहे, नावातली दारूबंदी सुद्धा. कायद्याच्या अक्षराप्रमाणे महाराष्ट्रात विदेशी मद्य पिणाऱ्याने परवाना बाळगायला हवा. एका दिवसाचा परवाना पाच रुपयांचा, देशीचा दोनचा. आमच्या सोसायटीत तो किती जणांकडे आहे, हे मी विचारलेले नाही, शेजारधर्म म्हणून. पण बंदीचा खरा भार कुणावर पडला ते उपनगरांत राहणाऱ्याला सांगायला नको. डिसेंबर २००४मध्ये विक्रोळीला विषारी दारूने ८०हून अधिक माणसे गेली. जून २०१५मध्ये मालवणीला शंभराहून अधिक. त्या दारूत गाळलेला थेंबही नव्हता, कारखान्यातले मिथेनॉल होते. मेलेले सगळे हातावर पोट असलेले. ज्याला बाटलीवरचे साल वाचायची चैन परवडते तो विषारी दारूने मरत नाही, हा हिशेब मी घरी बसून किती वेळा मांडला आणि प्रत्येक वेळी तोच निघाला.

आता नावाकडे येऊ. नावाची राखण कशी करतात हे स्कॉटलंडवाल्यांकडून शिकावे. बदलीवर मी नगर जिल्ह्यात होतो तेव्हा कारखान्याच्या आवारात मळीच्या टाक्या पाहिल्या होत्या. आपल्याकडची बरीचशी ‘व्हिस्की’ या मळीच्याच किंवा धान्याच्या मद्यार्कात थोडे माल्ट मिसळून होते. युरोपात मळीच्या मालाला व्हिस्की म्हणूच देत नाहीत. आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना ज्या विठ्ठलराव विखे पाटलांनी उभा केला, त्या प्रवरानगरच्या कारखान्याने ‘ड्रम बीटर’ आणि ‘गोल्ड टायकून’ नावाच्या व्हिस्की काढल्या, लेबलाला स्कॉटिश थाट. स्कॉच व्हिस्की असोसिएशन थेट मुंबई उच्च न्यायालयात गेली आणि १९९१ साली कारखान्याला मनाई हुकूम मिळाला. पुढे ‘पीटर स्कॉट’ या बंगळुरी व्हिस्कीविरुद्ध मात्र ती सर्वोच्च न्यायालयात २००८ साली हरली. इतकी वर्षे गप्प का बसलात, असे न्यायालयाने म्हटले. गावाच्या नावाला असे पहारेकरी आहेत. स्कॉटलंडबाहेरच्या थेंबाला कोणी स्कॉच म्हणाले तर सात समुद्र ओलांडून वकील येतात. मग हंटिंग्डनच्या इंग्रजाला स्कॉट म्हटले तर कोण येणार? माणसाच्या चरित्राला पहारेकरी नसतात. तो गेल्यावर त्याचे नाव ज्याला परवडेल त्याचे होते.

फिप्सन यांची पेढी पुढे यूबी समूहाकडे गेली आणि तिच्याबरोबर काळा कुत्राही. विठ्ठल मल्ल्यांनंतर विजय मल्ल्या आले. २००७ साली त्यांनी ५९ कोटी ५० लाख पौंडांना ग्लासगोची ‘व्हाइट अँड मॅके’ कंपनी घेतली. तिच्याकडे मॅकिन्ले हे नावही होते, लीथच्या त्याच घराण्याचे. ध्रुवप्रवासी शॅकलटनने १९०७च्या मोहिमेत नेलेली मॅकिन्लेची व्हिस्की अंटार्क्टिकाच्या बर्फाखाली खोक्यासकट सापडली, तेव्हा तिची नक्कल बनवून विकली ती याच कंपनीने. म्हणजे बंगळुरूच्या मालकाच्या हातात एका क्षणी गोष्टीची दोन्ही टोके होती, फिप्सनचे दुकान आणि मॅकिन्लेचे पिंप. कोणाला हवे असते तर खरी गोष्ट तेव्हाच नीट लिहिता आली असती.

त्याऐवजी काय झाले ते आपण वर्तमानपत्रांत वाचले आहे. समूहाच्या विमान कंपनीला बँकांनी कर्जे दिली आणि तारणात एक नावही घेतले, ‘किंगफिशर’. खंड्या पक्ष्याचे नाव! त्याची किंमत चार हजार कोटींच्या घरात लावली गेली होती. जमीन तारण घेताना आम्ही सातबारा पाहायचो, सोने घेताना कसोटीवर घासायचो. नाव कशावर घासायचे? ३० एप्रिल २०१६ला बँकांनी ते लिलावात काढले, राखीव किंमत ३६६ कोटी ७० लाख, एकही बोली आली नाही. कर्जदार मार्चमध्येच देश सोडून गेले होते. २०१९ साली न्यायालयाने त्यांना फरारी आर्थिक गुन्हेगार घोषित केले. मद्याची कंपनी आधीच, २०१४ साली, ब्रिटिश ‘डियाजिओ’च्या ताब्यात गेली होती आणि त्याच वर्षी व्हाइट अँड मॅके फिलिपाइन्सच्या कंपनीला विकावी लागली. काळा कुत्रा इकडे राहिला, पिंपवाले घराणे तिकडे गेले.

नावाची किंमत नसते असे मी म्हणत नाही. उलट या व्यवसायात नावाखेरीज फारसे काही नसते. स्कॉच व्हिस्की असोसिएशनच्या आकड्यांप्रमाणे २०२२ साली भारतात २१ कोटी ९० लाख बाटल्यांएवढी स्कॉच आली आणि संख्येने आपण फ्रान्सला मागे टाकून पहिले झालो. जुलै २०२५मध्ये ब्रिटनशी झालेल्या व्यापार करारात १५० टक्क्यांचे आयात शुल्क आधी ७५वर आणि दहा वर्षांत ४०वर आणायचे ठरले आहे. यापुढे आणखी बाटल्या येतील आणि प्रत्येकीच्या गळ्यात एक गोष्ट असेल. मिश्रण करताना पिंपाला खोटे बोलता येत नाही, सर्वांत कोवळ्याचे वय सांगावे लागते. तोच नियम गोष्टीला लावावा एवढीच माझी मागणी आहे.

ती फार अवघड नाही. कंपनीने खोक्यावर मिलार्ड यांना त्यांचे खरे गाव आणि खरे वय परत द्यावे. मुंबई महापालिकेने मुंबई समाचार मार्गावर, जुन्या सहा नंबरच्या जागी, एक साधी पाटी बसवावी. ठाण्याच्या खाडीत, आमच्या मानखुर्दच्या तिवरांपलीकडे, हिवाळ्यात रोहित पक्षी लाखाच्या वर जमतात असे बीएनएचएसच्या मोजणीत दिसले आहे. २०१५ साली त्या खाडीचे अभयारण्य झाले, २०२२ साली रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला. ओहोटीला दुर्बीण लावून उभी असणारी तरुण मुले त्याच संस्थेची, जिची पहिली खोली मद्याच्या दुकानात होती. पाटीवर मजकूर मराठीत आधी हवा: फिप्सन, व्यापारी. डॉ. एडिथ पीची-फिप्सन. वॉल्टर मिलार्ड, मदतनीस आणि सचिव. विल्यम, धनेश, १८९४ ते १९२०. आणि खाली एक ओळ, की १९०८ साली इथे एक मुलगा चिमणी घेऊन आला होता.